सकेशा

दादाने मला मोकळं केलं तेव्हा माझं अर्धं डोकं भादरून झालं होतं.

थट्टा नाही करत मी. आमच्या रत्नागिरीच्या घराच्या मागीलदारी, गोठ्याच्या आडोशाला मी पाटावर बसले होते. न्हाव्याने डोक्याला पाणी चोळलं होतं, उजवी बाजू उरकली होती, आणि डाव्या बाजूसाठी तो वस्तऱ्याला धार लावत होता. तेवढ्यात माझा थोरला भाऊ कोर्टाचा पोशाख करून तिथे आला. तो त्या बाजूला कधी फिरकत नसे. विधवेचं वपन चाललं असताना घरच्या पुरुषाने मागीलदारी यायचं नाही, एवढी लाज आमच्याकडे पाळत. मी लाल अलवणाचा पदर पुढे ओढला. दादा माझ्याकडे न बघताच न्हाव्याला म्हणाला, "पुरे. आजपासून या घरात हे होणार नाही."

न्हावी गांगरला. वकीलसाहेब, अर्धं राहिलंय, एवढं उरकतो आणि जातो, म्हणाला. दादा म्हणाला, एका केसालाही हात लावायचा नाही. तत्त्व ते तत्त्व. वर्षाचं भात तुला मिळत होतं तसंच मिळेल, असंही त्याने सांगून टाकलं, मग न्हाव्याला काय, सोन्याहून पिवळं. धोकटी उचलून तो पोफळींतून निघून गेला. मी एका बाजूला गुळगुळीत, एका बाजूला खुंट, अशी त्या पाटावर बसून राहिले. आता आंघोळ करायची की नाही, हेही मला कोणी सांगितलं नाही.

माझं डोकं माझ्याच धडावर आहे, पण त्याचं काय करायचं हे तोवर मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं. सासर माझं मालगुंडचं. लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यातली पोर, आणि नवरा म्हणाल तर मला त्यांचे कान तेवढे आठवतात. चांगले सुपाएवढे होते. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली ते गेले. पुढे मी न्हाती झाले आणि सासरच्यांनी न्हावी बोलावला. मला धरायला दोघी जणी होत्या. एक म्हातारी सारखी सांगत होती, रडू नको गो, तिकडे नवऱ्याला त्रास होतो. ज्यांचे मला नुसते कान ठाऊक, त्यांना माझ्या रडण्याचा त्रास व्हायचा होता, आणि जिचं डोकं होतं तिला झालेला त्रास कुठे मोजायचा नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला माहेरी आणून सोडली.

आईने मला जवळ घेतलं नाही, कारण ती सोवळ्यात होती. संध्याकाळी मात्र तिने मला स्वयंपाकघरात नेलं, चुलीपुढे बसवलं आणि म्हणाली, "बयो, आता तुझा संसार म्हणजे ही चूल आणि ते देव. ही दोन कोणी तुझ्याकडून काढून घ्यायची नाहीत." मी तो शब्द धरून ठेवला. दुसरं धरायला होतं काय?

आणि खरं सांगते, संसार मी झक्क केला. पहाटे विहिरीवर आंघोळ, ओलेत्याने देवांचं पाणी, मग चूल. श्राद्धाचे वडे, भोपळ्याचे घारगे, खीर, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. माझ्या हातची अळूची भाजी खाऊन एका भटजींनी दुसरं पान मागितलं होतं. पितृपंधरवड्यात आळीतली माणसं आठ-आठ दिवस आधी येऊन मला सांगून ठेवत. मुंडण केलेली, सोवळी, हाताला चव असलेली अशी बाई गावात शोधून मिळायची नाही. लोक मला लग्नाकार्यात पुढे येऊ देत नसत, पण माझ्याशिवाय त्यांच्या पितरांचं पोट भरत नसे. ही माझी ऐट होती. वस्तरा मला आवडत होता असं कोणी समजू नये. मानेवर पाणी ओघळलं की मी डोळे घट्ट मिटून घेई. पण वस्तरा ही त्या चुलीच्या वाटेवरची जकात होती, आणि मी ती दर पंधरवड्याला भरत होते.

आता दादाविषयी. दादा वाईट होता असं कोणी म्हणालं तर मी त्या माणसाशी भांडेन. गावात त्याच्याइतका सरळ वकील नव्हता. खोटा साक्षीदार तो दारात उभा करत नसे. इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून तो उदारमतवादी झाला होता, आणि नुसता ओटीवर बसून बोलणाऱ्यांतला नव्हता. बोलेल ते करी. ज्याचं त्याचं आयुष्य कसं चांगलं करायचं हे ज्याने त्याने ठरवावं, दुसऱ्याने त्यात पडू नये, हे त्याचं आवडतं वाक्य. आई होती तोवर तो गप्प होता. ती गेली, वर्षश्राद्ध झालं, आणि पुण्याच्या कुठल्याशा परिषदेहून तो परत आला तो हे ठरवूनच.

त्या संध्याकाळी कोर्टातून आल्यावर त्याने मला माजघरात बोलावलं. मी दाराशी उभी राहिले. तो बराच वेळ समजावत होता. विधवेचं डोकं करणं हा रानटीपणा आहे, तिला विद्रूप करून घरात राबवून घ्यायची ती युक्ती आहे, हे सगळं त्याने मला नीट, प्रेमाने सांगितलं. त्यातलं काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, पण मला वपन हवंय."

"तुला हवंय असं तुला वाटतं. ते तुझं वाटणं नव्हे गो, रूढीचं आहे."

"आणि उद्या मला नको वाटलं तर?"

"तर ते तुझं वाटणं."

वकिलाशी काय वाद घालायचा! मी अर्ध्या डोक्यावर पदर घेऊन परत फिरले. केस ठेवलेल्या विधवेला आमच्याकडे सकेशा म्हणत. सकेशेच्या हातचं पाणी चालत नाही, देवाला फूल चालत नाही, तिने शिजवलेलं तर नाहीच नाही. दादाला हे ठाऊक होतं. हे सगळं मोडायचं म्हणूनच तर तो म्हणत होता. मोडेपर्यंत मी कुठे बसायचं, हे मात्र त्याच्या पुस्तकात नव्हतं.

खुंटांचे केस झाले तशी वहिनीने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढली. ओरडून नव्हे. वहिनी ओरडणारी नव्हती. मी भात टाकला की ती तो मुकाट्याने गुरांना घाली आणि दुसरा टाकी. दादा रागावला, तिला सुनावलं, की माझी बहीण या घरात शिजवील आणि सगळे जेवतील. वहिनी मान खाली घालून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं. तिचं तरी काय चुकलं? तिचे माहेरचे आले तर ते या घरात पाणी प्यायचे नाहीत, ते तिला बघायचं होतं. तिला कोणी मोकळं केलं नव्हतं. उलट माझ्या मोकळेपणापायी सगळी चूल तिच्या गळ्यात पडली. दादाचं राज्य ओटीपासून माजघराच्या दारापर्यंत होतं. पुढे वहिनीचं.

त्या वर्षी आईचं श्राद्ध आलं. गुरुजींनी निरोप पाठवला की घरात सकेशा असेल तर आम्हाला यायला जमणार नाही. मी दादाच्या पाया पडले. म्हटलं, आईच्या श्राद्धापुरतं करू दे, तिच्या पानावर माझ्या हातचं पडू दे, मग पुन्हा वाढव माझे केस हवे तितके. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलंय. पण तो म्हणाला, एकदा वाकलो की संपलं. गुरुजी येत नसतील तर श्राद्धच नको. त्या दिवशी घरात रोजचंच जेवण झालं. मी वहिनीने वाढलेल्या भातातली मूद हातात घेऊन मागीलदारी गेले आणि कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर ठेवली. कावळा लगेच आला. त्याने सकेशा-बिकेशा काही बघितलं नाही. पण ती मूद वहिनीच्या हातची होती, आणि आईला माझ्या हातचं आवडायचं.

दादाचेही हाल झालेच. कितीतरी पक्षकारांनी त्याच्याकडची कागदपत्रं काढून नेली. देवळात त्याला कोणी तीर्थ देईना. त्याने सगळं हसतमुखाने सोसलं, आणि त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही येईना. माझ्यासाठी सोसतोय असा माणूस समोर असला की आपण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, दुसरं काय.

मुंबई-पुण्याची सुधारक मंडळी आली की मला ओटीवर बोलावणं येई. पदर डोक्यावरून थोडा मागे घे, असं दादा खुणेने सांगे. ही माझी धाकटी बहीण. मंडळी कौतुकाने माझ्या डोक्याकडे बघत, आणि मी जमिनीकडे. मग चहा माझ्या हातून द्यायचा. तो सगळ्यांनी प्यायचा, म्हणजे सुधारणा झाली. गावातले एक मास्तर दर खेपेला पेला घेऊन बोलत बोलत अंगणात जात आणि जास्वंदीच्या मुळात चहा ओतून येत. वर म्हणत, वा, झकास. ती जास्वंद मात्र फार माजली होती.

बाकी दिवस कसा काढायचा? चूल नाही, देव नाहीत. वहिनीची बाळंतपणं, पोरांचं न्हाऊमाखू, अंगणात आमसुलांची सोलं वाळत घालणं, सुपाऱ्या सोलणं. हातांना काम होतं, पण माझं म्हणून काही नव्हतं. दादाने मला वाचायला शिकवलं, त्याचा उपकार मी मानते. वाचायला लागले तेव्हा कुठेसं वाचलं की पुण्याला माझ्यासारख्यांसाठी शाळा आहे, तिथे शिकून बायका मास्तरीण होतात. मी दादाला म्हटलं, मला पाठव.  तो म्हणाला, इथे वहिनीला एकटीला झेपायचं नाही, आणि स्वतंत्र व्हायला घर सोडावंच लागतं असं कुठे आहे. झालं. घरात चुलीपाशी चालत नव्हते आणि घराबाहेर जायचं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

केस खांद्याच्या खाली आले आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घरात माझ्यासाठी फणी नव्हती. एवढी परिषद झाली, व्याख्यानं झाली, पक्षकार गेले, देऊळ गेलं, पण केस म्हटले की ते विंचरावे लागतात, त्यांना तेल लागतं, हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. दादाच्या लेखी ते तत्त्व होतं. वहिनीच्या लेखी विटाळ. तिच्या फणीला हात लावायची माझी छाती नव्हती. मी बोटांनी गुंता सोडवी आणि जुन्या अलवणाच्या काठाची चिंधी फाडून त्यांना बांधी. उवा झाल्या तेव्हा तर मला रडूच कोसळलं. यापेक्षा वस्तरा काय वाईट होता, असं मी मोठ्याने म्हटलं.

ते ऐकलं माझ्या भाचीने. दादाची ही थोरली, तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. आत गेली आणि स्वतःची लाकडी फणी घेऊन आली. माझ्या मागे उभी राहिली आणि भराभरा ओढू लागली. अगो, टाळू निघेल, म्हटलं, तर मला दटावून म्हणते, आत्या, हलू नको, आई मला असंच म्हणते. सगळं विंचरून तिने माझी वाकडीतिकडी वेणी घातली. मी हात मागे नेऊन ती चाचपली. लहानपणी आई घालायची तेवढीच जाड होती. त्या दिवसापासून ते केस माझे झाले. दादाने वाढवले असतील, पण माझे झाले ते त्या दिवशी.

मग रोज दुपारी मागच्या पडवीत ती माझे केस विंचरी आणि मी तिचे. ती वाढली, शाळेत गेली, इंग्रजी शिकली. माझे केस कमरेपर्यंत आले. वेणीफणीची ती दुपारची वेळ सोडली तर सगळा दिवस मी कोणाच्या ना कोणाच्या मर्जीतून वाट काढत असे, पण ती वेळ कोणाच्या बापाची नव्हती.

भाची अठराची झाली. मुलीचं लग्न लहानपणी करायचं नाही हेही दादाचं तत्त्व, आणि पुढे सरकारचा कायदाही झाला, पण कायद्याने स्थळं येत नाहीत. घरात सकेशा आहे, म्हणजे अन्नपाण्याचा काही धरबंध नाही, असं सांगून कितीजण परत फिरले. शेवटी दाभोळचं एक घर तयार झालं. मुलगा मुंबईला कचेरीत, चांगला शिकलेला. पोरीला पसंत होता. त्याचं नाव निघालं की ती उगाच पाणी आणायला उठे. सगळं ठरत आलं आणि मुलाच्या सोवळ्या आजीचा निरोप आला. लग्नघरात सकेशा चालणार नाही. एक तर तिचं वपन करा, नाहीतर सोयरीक राहू द्या.

दादा मागीलदारी आला. तोच गोठा, तोच आडोसा. मी सुपाऱ्या सोलत होते. तो पाटावर बसला आणि माझ्या पुढ्यातल्या सुपाऱ्या चाळवत राहिला, तेव्हा मीच त्याला विचारलं, काय झालं. त्याने निरोप सांगितला. मग म्हणाला, केस काय, परत येतात. चार दिवसांचा प्रश्न आहे. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचेही केस पांढरे झाले होते. तो घाईने म्हणाला, "तुझ्यावर सक्ती नाही. तू ठरव."

मला हसू आलं. कसलं ते सांगता येणार नाही, पण आलं. मी म्हटलं, "दादा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. म्हणून मीही पहिल्यांदाच सांगते. नाही."

"पोरीचं लग्न मोडेल गो."

 त्याला तत्त्व आठवत नव्हतं असं नाही. तो पुरता अडकला होता, आणि सुटायला त्याला माझ्याच डोक्यावरून वाट दिसत होती. आईच्या श्राद्धाला मी पाया पडले तेव्हा एकदाही वाकायचं नव्हतं. आता वाकायचं होतं, पण मी. हे मी त्याला तिथेच तोंडावर सांगितलं. 

भाचीला कळलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. आत्या, मुळीच करायचं नाही, मला नको ते लग्न, म्हणाली. पोर मनापासून बोलत होती. पण रडता रडता तिने माझी वेणी घट्ट मुठीत धरली होती, आणि मला कळत होतं की हे स्थळ गेलं तर ती या घरात माझ्याशेजारी बसून सुपाऱ्या सोलत म्हातारी होईल. तिच्या गळ्यात तो धोंडा मी बांधणार नव्हते. आणि केसही देणार नव्हते. तेव्हा मी दादाला सांगितलं, त्या म्हातारीला मी दिसले नाही म्हणजे झालं ना? मग मला दिसू देऊ नकोस. मालगुंडला गेले म्हणून सांग.

असं ते ठरलं. माझ्या तोंडून निघालं, म्हणून सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड यायच्या आधी मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. गोठ्याकडे उघडणारी एक झरोक्याएवढी खिडकी, बाज, पाण्याचा तांब्या. भाचीने आदल्या दिवशी तिची फणी माझ्या हातात दिली होती, ती कनवटीला होती. दादा दारात उभा राहिला. चुकून कोणी आत यायला नको, म्हणाला. मग त्याने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. स्वतःच्या हाताने. मी त्याची पावलं ओटीकडे जाताना ऐकली.

सगळं लग्न मी कानांनी आणि नाकाने केलं. सनई, वऱ्हाडाची बडबड, कुणाच्या तरी पोराचं भोकाड, मंगलाष्टकं. अक्षता पडल्या तेव्हा मी उभी राहिले. हातात अक्षता नव्हत्या, म्हणून नुसतेच हात जोडले, आणि ढसाढसा रडले. सनई इतकी मोठी होती की कोणाला ऐकू जायची भीती नव्हती. जिला मी वाढवली तिच्या डोक्यावर तांदळाचा एक दाणाही मला टाकता आला नाही, आणि दोष द्यायला समोर कोणी नव्हतं. दादा नाही, वहिनी नाही, ती म्हातारीसुद्धा नाही, तिलाही कोणीतरी असंच लहानपणी पाटावर बसवलं असणार.

मग स्वयंपाकाचा वास आला. म्हातारीच्या आणि सोवळ्यातल्या मंडळींच्या पंगतीसाठी दादाने एक स्वयंपाकीणबाई आणवली होती. मुंडण केलेली, सोवळी, हाताला चव असलेली. होय, आमच्या उदारमतवादी दादाने. अळूची भाजी होती. आमसूल किंचित जास्त पडलं होतं, हे मला खोलीत बसून कळलं.

पंगत उठल्यावर कडी वाजली. ती बाई माझं पान घेऊन आली होती. लाल अलवण, कपाळावरून घट्ट ओढलेला पदर, माझ्याच वयाची असेल. तिने पान उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि लगेच दोन पावलं मागे झाली. सोवळ्यात आहे, शिवू नका हो, म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे मला, मीही तेच करत होते. मी जेवले. ती दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. पदर माझा खाली घसरला होता, आणि सकाळपासून चाळा म्हणून विंचरलेले केस मोकळेच होते.

कडी लावायला ती पुन्हा आली तेव्हा मागीलदारी कोणी नव्हतं. उष्टं पान मीच उंबऱ्याबाहेर सरकवलं, पण ती गेली नाही. उंबऱ्याशी घुटमळली. मग अगदी हळू म्हणाली, "एकदा हात लावून बघू?"

मला वाटलं, मी ऐकलंय ते खरं नव्हे. तुमचं सोवळं मोडेल, मी म्हटलं. तिने ते ऐकलंच नसावं. ती आत आली, माझ्यामागे बाजेवर बसली आणि तिने माझे केस हातात घेतले. टोकापासून वर, मुळापर्यंत बोटं नेली. चुलीपुढे काम करून भाजलेली, खरखरीत बोटं होती. ती किती वेळ बसली ते मला सांगता येणार नाही. 

उठताना ती म्हणाली, "माझे कुरळे होते."

एवढंच. पदर पुन्हा कपाळावर ओढून ती बाहेर गेली, आणि जाताना तिने दाराला कडी होती तशी लावली. थोड्या वेळाने विहिरीवरून रहाटाचा आवाज आला. मला शिवली होती, तिला पुन्हा आंघोळ करायला हवी होती. संध्याकाळची पंगत व्हायची होती.